वॅट मोठे, लक्षण खोटे

मोबाइल घेताना मेगापिक्सेल, बाइक घेताना सीसी आणि म्युझिक सिस्टिम घेताना वॅट. आपलं गणित ठरलेलं आहे. दुकानात शिरल्यावर पहिला प्रश्न, ‘किती वॅटचा आहे?’ दुकानदारालाही तेच हवं असतं. तो सांगतो, ‘हा दोनशे, तो पाचशे, आणि हा बघा, हजार!’ मग पहिल्या-दुसऱ्या पगारातून ईएमआयवर हजारवाला घरी येतो. महिनाभर स्टोरीवर मिरवतो. त्यानंतर कधीतरी रात्री शांतपणे एखादी मैफल लावली की लक्षात येतं, की तंबोरा ऐकूच येत नाहीये. ढोलकीची थाप आहे, पण ती पत्र्याच्या डब्यावर पडल्यासारखी. मग आपण म्हणतो, अजून मोठा घ्यायला हवा होता.

माझं म्हणणं नेमकं याच्या उलट आहे. बहुतेक घरांत वॅट कमी पडत नाहीत. अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर यांची जोडी चुकलेली असते. आणि ती चुकते, कारण जोडी जुळवायला जे दोन-तीन आकडे लागतात ते आपण विचारत नाही आणि विकणारा सांगत नाही.

आधी त्या हजार वॅटचं बघू. कॉम्प्युटरच्या छोट्या प्लॅस्टिक स्पीकरवर पूर्वी ‘पीएमपीओ’ असं लिहून चार आकडी वॅट छापलेले असायचे. हा पीएमपीओ मोजायची कुठलीही ठरलेली, सर्वमान्य पद्धत नाही. म्हणजे आकडा जवळपास मनाला येईल तो. आजही खोक्यावर असा दणदणीत आकडा दिसला तर एकच करा, मागचं लेबल किंवा अडॅप्टर वाचा. तिथे १२ व्होल्ट, ३ अँपिअर असं लिहिलं असेल तर गुणाकार करा. झाले ३६ वॅट. भिंतीतून ३६ वॅट घेणारं यंत्र स्पीकरला सलग हजार वॅट देऊच शकत नाही. क्षणभराचा धक्का देईल, तेवढंच. दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातला ऊर्जेचा नियम ‘मेगा सेल’मध्येही बदलत नाही.

स्पीकर वॅट देत नाही, सोसतो

दुसरा घोळ याहून मोठा आहे. स्पीकरवर ‘१०० वॅट’ लिहिलेलं असतं, म्हणून आपण समजतो की तो शंभर वॅटचा आवाज काढतो. साधा, वायर जोडून वाजवायचा स्पीकर स्वतः काहीच वॅट बनवत नाही. तो आकडा म्हणजे त्याची सहनशक्ती. वॅट द्यायचं काम अ‍ॅम्पचं. मिळालेल्या वॅटमधून स्पीकर किती आवाज काढतो हे सांगणारा आकडा वेगळाच आहे. त्याचं नाव सेन्सिटिव्हिटी. स्पीकरला एक वॅट दिला आणि एक मीटर अंतरावर आवाज मोजला तर किती डेसिबल भरतो, तो हा आकडा. घरगुती स्पीकरमध्ये तो साधारण ८४ ते ९० च्या दरम्यान असतो.

हा तीन-चार डेसिबलचा फरक किरकोळ वाटतो, पण इथेच सगळी गंमत आहे. अ‍ॅम्पचे वॅट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला ‘दुप्पट’ वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. त्यामुळे पन्नासऐवजी शंभर वॅटचा अ‍ॅम्प घेऊन जे मिळतं, तेच ८६ ऐवजी ८९ डेसिबलचा स्पीकर घेऊनही मिळतं. अ‍ॅम्पला हात न लावता.

याची टोकाची दोन उदाहरणं जगभर प्रसिद्ध आहेत. अमेरिकेत पॉल क्लिप्श यांनी बनवलेला ‘क्लिप्शहॉर्न’ १९४० च्या दशकापासून चालत आलाय. खोलीच्या कोपऱ्यात बसणारा, कपाटाएवढा. त्याची सेन्सिटिव्हिटी शंभराच्या वर. दुसरा, बीबीसीच्या इंजिनीअरांनी १९७० च्या दशकात रेकॉर्डिंग व्हॅनसारख्या अडचणीच्या जागेसाठी केलेला ‘एलएस३/५ए’. बुटांच्या खोक्याएवढा, माणसाचा आवाज ऐकायला अप्रतिम, पण सेन्सिटिव्हिटी जेमतेम ८२-८३. दोघांत वीस डेसिबलच्या आसपास फरक. म्हणजे मोठा जो आवाज एका वॅटमध्ये काढेल, त्यासाठी छोट्याला शंभरेक वॅट लागतील. आता सांगा, ‘किती वॅटचा अ‍ॅम्प चांगला?’ या प्रश्नाला काही अर्थ आहे का? कुठल्या स्पीकरला, हे विचारल्याशिवाय नाही.

आपल्या खोलीचा हिशोब

दहा बाय बाराची खोली धरू. मुंबई-पुण्यात बेडरूम म्हणतात ती. स्पीकर ८७ डेसिबलचे, आपण दोन मीटरवर बसलोय. अंतर दुप्पट झालं की मोकळ्या जागेत ६ डेसिबल घटतात. पण स्पीकर दोन आहेत आणि भिंतीही थोडा आवाज परत देतात. म्हणजे प्रत्येकी एका वॅटमध्ये आपल्या कानाशी साधारण ८४-८५ डेसिबल. घरात आपण निवांत ऐकतो तेव्हा सरासरी ७५ च्या आतबाहेर असते. तेवढ्याला किती लागतो? एक दशांश वॅट. हो, ०.१ वॅट!

मग मोठा अ‍ॅम्प हवाच कशाला? कारण संगीत सपाट नसतं. ढोलकीची थाप, तबल्यावरची कडक ‘ना’, ड्रमचा फटका हे क्षण सरासरीपेक्षा २० डेसिबलपर्यंत वर उडी मारू शकतात. वीस डेसिबल म्हणजे शंभरपट वॅट, म्हणजे इथे १० वॅट. थोडं मोठ्याने, सरासरी ८५ वर ऐकायचं तर त्याच थापेला १०० वॅट. तेवढ्यात खालचे काका बेल वाजवतातच, ते सोडा. मुद्दा असा, की मोठ्या अ‍ॅम्पचा उपयोग सतत मोठा आवाज काढायला नसून, तो एक क्षण न फाटता पार करायला असतो.

आणि तो क्षण पार झाला नाही तर? अ‍ॅम्पच्या व्होल्टेजला एक छत असतं. आवाज वाढवत नेला की लहरीची टोकं त्या छतावर आपटून सपाट होतात. याला क्लिपिंग म्हणतात. अशा छाटलेल्या लहरीत मूळ गाण्यात नसलेले वरच्या पट्टीतले तुकडे तयार होतात आणि सरासरी ताकदही वाढते. हा मार बसतो ट्वीटरला, ज्याला मुळात थोडेच वॅट सोसवतात. म्हणून २० वॅटचा अ‍ॅम्प पूर्ण पिळला तर ‘१०० वॅट’च्या स्पीकरचा ट्वीटर जाळू शकतो. गॅदरिंगला, सोसायटीच्या गणपतीत स्पीकर उडाला की सगळे म्हणतात, ‘पॉवर जास्त झाली.’ कित्येकदा ती कमी पडलेली असते.

एक टाकी, दोन नळ

आता तिसरा आकडा, इम्पिडन्स. स्पीकरच्या मागे ‘८ ओहम’ किंवा ‘४ ओहम’ लिहिलेलं असतं ते. गच्चीवरची पाण्याची टाकी डोळ्यांसमोर आणा. टाकीची उंची म्हणजे व्होल्टेज, नळाचं तोंड जितकं लहान तितके ओहम जास्त. ओहम निम्मे झाले की तोंड मोठं झालं, करंट दुप्पट ओढला जाणार. टाकीत आणि पाइपात तेवढा दम असेल तर उत्तम. नसेल तर धार बारीक होते, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

त्यात हा आकडा स्थिर नसतो. आठ ओहमचा स्पीकर खालच्या सुरांना एक, वरच्या सुरांना दुसराच इम्पिडन्स दाखवतो. आंतरराष्ट्रीय मानकानुसार तो लिहिलेल्या आकड्याच्या ८० टक्क्यांखाली जाऊ नये, म्हणजे आठ ओहमवाला ६.४ च्या खाली नाही. प्रत्यक्षात काही स्पीकर सर्रास जातात. म्हणून अ‍ॅम्प बघताना ‘८ ओहमला किती वॅट’ एवढ्यावर थांबायचं नाही. ‘४ ओहमला किती’ हेही विचारायचं. आठला ५० आणि चारला ८०-९० देणारा अ‍ॅम्प आतून भक्कम आहे असं समजायला हरकत नाही. चारचा उल्लेखच टाळलेला असेल, तर शंका घ्यावी.

इंग्लंड-अमेरिकेत गाजलेला ‘एनएडी ३०२०’ हा १९७८ सालचा अ‍ॅम्प याचं छान उदाहरण आहे. कागदावर फक्त २० वॅट, किंमत माफक, दिसायला साधा. पण अवघड स्पीकरला लागणारा करंट क्षणभर पुरवायची त्याची तयारी होती. त्यामुळे आकड्याने मोठे असलेले अ‍ॅम्प जिथे दमायचे तिथे हा वाजायचा. विद्यार्थ्यांच्या खोल्यांमधून तो वर्षानुवर्षं फिरत राहिला.

आणि एक जुगाड आपल्याकडे फार चालतो. आहे त्याच अ‍ॅम्पला स्पीकरची दुसरी जोडी लावायची. एकाच टर्मिनलला आठ-आठ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की अ‍ॅम्पला दिसतात चार ओहम. चारचे दोन जोडले तर दोन. बऱ्याच घरगुती अ‍ॅम्पना दोन ओहम झेपत नाहीत. नशीब असेल तर प्रोटेक्शन बंद पाडतं, नसेल तर वास येतो.

‘पण हे सगळं कशाला?’

कुणी म्हणेल, एवढी डोकेफोड कशाला, अ‍ॅक्टिव्ह स्पीकर घ्या. अ‍ॅम्प आतच, जोडी कंपनीनेच जुळवलेली. मुद्दा बरोबर आहे. हॉस्टेलवर राहणाऱ्या, दर वर्षी खोली बदलणाऱ्या मुलामुलींना मीसुद्धा तेच सांगेन. पण त्यात एक भाग गेला की सगळंच अडतं. वेगळा अ‍ॅम्प आणि वेगळे स्पीकर असले तर आज स्पीकर, दोन वर्षांनी अ‍ॅम्प, असं जमेल तसं वाढवता येतं. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीत चक्कर मारली, चार ठिकाणी विचारलं, की जुना पण दणकट अ‍ॅम्प दुरुस्त करून देणारे कारागीर आजही भेटतात. थोड्या पैशांत चांगलं ऐकायचा तो रस्ता आहे. फक्त जोडी जुळवता यायला हवी.

दुसऱ्या टोकाला ‘ऑडिओफाइल’ मंडळी आहेत. त्यांना जोडी म्हणजे गूढविद्या वाटते. अमुक अ‍ॅम्प ‘गोड’, तमुक स्पीकर ‘उष्ण’, आणि मध्ये सोन्याच्या भावाची केबल. त्यातलं काही खरं आहे. ट्यूब अ‍ॅम्पचा स्वर स्पीकरच्या इम्पिडन्सप्रमाणे खरोखर बदलतो. पण ते मोजता येतं, त्याला मंत्र लागत नाही. आणि केबलचं म्हणाल तर तीन-चार मीटरसाठी इलेक्ट्रिशियन ज्याला ‘अडीचची वायर’ म्हणतो, ती तांब्याची अडीच स्क्वेअर एमएमची पुरते. वाचलेले पैसे स्पीकरमध्ये घाला.

वॅटवाला दुकानदार आणि गूढविद्यावाला तज्ज्ञ, दोघंही एकच करतात. साधी माहिती आपल्यापासून लांब ठेवतात. म्हणून ती मागायला हवी. अमेरिकेत अशाच फुगवलेल्या आकड्यांना कंटाळून तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७४ मध्ये अ‍ॅम्पचे वॅट कसे मोजायचे याचा नियम केला आणि २०२४ मध्ये तो आणखी स्पष्ट केला. आठ ओहमला, माणसाला ऐकू येणाऱ्या पूर्ण पट्ट्यात, एक टक्क्यापेक्षा कमी विकृती ठेवून. फ्रीज घेताना आपण तारे मोजतो, तसं आपल्याकडच्या प्रत्येक अ‍ॅम्पच्या खोक्यावर आठ आणि चार ओहमचे खरे वॅट आणि प्रत्येक स्पीकरवर सेन्सिटिव्हिटी आणि किमान इम्पिडन्स ठळक छापलेला असायला काय हरकत आहे? ऑनलाइन यादीत रंगांचे सहा फोटो मावतात, तर हे तीन आकडेही मावतील.

आवाज म्हणजे छाती हादरणं, हे आपल्या पिढीला डीजेच्या भिंतींनी शिकवलं. विसर्जनाला ठीक, नाचायला मजा येते. पण ‘सैराट’च्या गाण्यांसाठी अजय-अतुलनी हॉलिवूडमध्ये सिंफनी ऑर्केस्ट्रा रेकॉर्ड केला होता. त्यातली व्हायोलिन्स, मागून हलकेच उठणारी ब्रास आपल्यापैकी किती जणांनी नीट ऐकलीयेत? गाणी पाठ आहेत, ऐकायची राहिलीत. किशोरीताईंच्या आलापामागचा तंबोरा, लावणीत ढोलकी आणि घुंगरू यांच्यामधली मोकळी जागा, हे सगळं त्या ०.१ वॅटमध्ये आहे. मोठ्या आकड्याच्या नादात आपण नेमकं तेच घालवतो.

तेव्हा पुढच्या वेळी आधी खोली मोजा, मग स्पीकर निवडा. बजेटमधला मोठा वाटा त्यालाच द्या, आणि अ‍ॅम्प त्या स्पीकरला शोभेल असा सगळ्यात शेवटी. आपली नेहमीची दोन गाणी सोबत न्या आणि हळू आवाजात ऐका, कारण मोठ्याने सगळेच भारी वाटतात. दुकानदाराने ‘हजार वॅट’ म्हटलं की शांतपणे विचारा, ‘किती ओहमला? आणि स्पीकर किती डेसिबलचा?’ उत्तर आलं तर तिथे अर्धा तास बसा. नाही आलं, तर गल्लीत पुढे अजून दुकानं आहेत.