घरची नानकटाई

‘बिस्किट’ हा शब्द परका खरा; पण व्युत्पत्ति पाहूं गेल्यास तो संस्कृताचा दूरचा आप्तच निघतो. लॅटिन भाषेंतील ‘बिस्’ म्हणजे आपलें ‘द्विः’ आणि ‘कोक्तुस्’ म्हणजे ‘पक्व’. दोहोंचें मूळ संस्कृताशीं एकच. तेव्हां बिस्किट म्हणजे दोनदां भाजलेलें. या अर्थानें चहाबरोबरचा टोस्टच त्या नांवाचा खरा अधिकारी. नानकटाई बिचारी एकदांच भाजतात. असो.

या पदार्थानें पुण्यांत केवढें वादळ उठविलें, तें अनेक वाचकभगिनींस ठाऊक असेल. १८९० सालीं पंचहौद मिशनमध्यें जमलेल्या मंडळींपुढें चहा-बिस्किटें आलीं. डॉ. आनंदीबाईंचे पती गोपाळराव जोशी यांनीं मागाहून उपस्थितांचीं नांवें छापून आणलीं, आणि रानडे-टिळकांसारख्यांवर ग्रामण्याचा प्रसंग ओढवला. टिळकांनीं काशीस प्रायश्चित्त घेतल्याचा दाखला पुढें केला. रानड्यांनीं १८९२ सालीं प्रायश्चित्त घेतलें. त्या वादाचा सारा रोख ‘दिलें कोणीं?’ यावर होता. पुढें त्याच घरांतील नातवंडें-पतवंडें दिवाळीपूर्वीं घरचें तूप-साखर घेऊन बेकरीच्या दारीं रांगेंत उभीं राहूं लागलीं, हें योग्यच झालें. मात्र ‘आंत काय आहे?’ हा प्रश्न आज कोणी विचारीत नाहीं, हें बरें नव्हे. पुड्याच्या पाठीवरील बारीक अक्षरें एकदां चष्मा लावून वाचावींत; जेथें लोणी असेल असें वाटतें, तेथें बहुधा पाम तेल आढळेल.

नानकटाईस अंडें नको, यीस्ट नको. दोन वाट्या मैदा, एक वाटी थिजलेलें साजूक तूप, एक वाटी पिठीसाखर, दोन चिमटी खाण्याचा सोडा, किंचित् मीठ, वेलदोडा, इतकेंच साहित्य. सारें मर्म तूप फेसण्यांत आहे. परातींत तूप-साखर तळहातानें इतकी फेसावी कीं ती पांढरीशुभ्र व हलकी व्हावी. येथें आळस केल्यास पुढें कांहीं उपाय नाहीं. मग मैदा मिसळून गोळा होईल इतपतच एकत्र करावा. पोळीच्या कणकेप्रमाणें तिंबूं नये, पाणी तर मुळींच घालूं नये. पिठाच्या कणाकणास तूप लागलें म्हणजे चिकटपणा येत नाहीं. शंकरपाळ्यांच्या मोहनाचें तत्त्व तेंच. सोडा अधिक पडल्यास साबणाची चव येते. मैद्याऐवजीं बारीक दळलेली कणीक घेतल्यास रंग सांवळा होतो, पण आमच्या मतें खमंगपणा वाढतो.

भट्टी नाहीं म्हणून अडूं नये. आमच्या कोंकणांत काकडीचें धोंडस खालीं-वर निखारे ठेवून भाजीत, तें भट्टीवांचूनच. इकडे वरसे येथेंहि आतां घरोघर गॅस आहे. तरी जाड बुडाच्या पातेल्यांत दोन बोटें मीठ पसरून, त्यावर तिवई ठेवून, झांकण लावून दहा मिनिटें तापवावें. लिंबाएवढे गोळे किंचित् चपटे करून, तूप लावलेल्या ताटलींत अंतरानें मांडावेत व मंद आंचेवर वीस-पंचवीस मिनिटें भाजावेत. गॅसची आंच खालूनच लागते, म्हणून वरचा रंग पांढुरकाच राहतो. एक उलटून तळ बदामी झाला कीं उतरावें. त्या वेळीं ती मऊच लागते. कच्ची राहिली असें समजून पुन्हां भाजूं नये. निवाल्यावरच ती खुसखुशीत होते.

पूर्ण निवल्यावर घट्ट झांकणाच्या डब्यांत भरावी. आमच्याकडच्या पावसाळ्यांत मात्र ती लवकर सादळते. तेव्हां पहिला घाणा दसऱ्यानंतर घालावा हें उत्तम.