काऊबॉयची पापकबुली

कॉर्मॅक मॅकार्थी यांची १९९२ साली प्रसिद्ध झालेली ‘ऑल द प्रिटी हॉर्सेस’ ही कादंबरी आपल्या घरांतील सोळा-सतरा वर्षांच्या मुलांच्या हाती देऊ नये, असा आग्रह काही सुजाण मंडळी धरतात. तीत तुरुंग आहे, सुरामारी आहे, विवाहाविना जुळलेले संबंध आहेत. हे सारे आम्हांस मान्य आहे. निष्कर्ष मात्र मान्य नाही.

काळ १९४९चा. आजोबा वारतात, आई टेक्सासमधील रँच विकावयास काढते, आणि सोळा वर्षांचा जॉन ग्रेडी कोल आपला मित्र रॉलिन्स याच्यासह घोड्यावरून मेक्सिकोत जातो. वाटेत ब्लेव्हिन्स नावाचे त्यांच्याहूनही लहान, हट्टी पोर त्यांना चिकटते. पुढे एक पोलीस कॅप्टन त्या पोराला खटल्यावाचून झाडांआड नेऊन गोळी घालतो. जॉन ग्रेडी पाहत राहतो. त्याच्या तोंडून शब्द निघत नाही. मग सालतियोच्या तुरुंगात स्वतःचा जीव वाचविताना त्याच्या हातून एक तरुण मरतो.

आक्षेपकांनी बहुधा येथेच पुस्तक मिटले असावे. टेक्सासला परतल्यावर ओझोनाच्या न्यायालयात न्यायाधीश त्याच्या हकिकतीवर विश्वास ठेवतो व वादातला घोडा त्याला देतो. साधी काऊबॉयकथा येथे संपली असती. पण त्याच रात्री हा मुलगा न्यायाधीशाच्या घरी जातो. निर्दोष ठरल्याचेच त्याला ओझे झाले आहे. तुरुंगातील हत्या सलते आहेच. शिवाय कॅप्टनला ठार करावेसे का वाटले, याचे उत्तर त्याला सापडले आहे. ब्लेव्हिन्सला नेताना आपण गप्प राहिलो, म्हणून! बोलून उपयोग झाला नसता, हे तो मान्य करतो. तरीही त्याचे समाधान होत नाही.

मिस्साच्या आरंभी आपणही दर रविवारी न केलेल्या कर्तव्यांची कबुली देतो, आणि किती घाईने त्या शब्दावरून पुढे सरकतो! हे पुस्तक त्याच शब्दापाशी थांबते. लेखक कॅथलिक घरात वाढला, नॉक्सव्हिलच्या कॅथलिक शाळेत शिकला. त्याच्या श्रद्धेविषयी आम्ही दावा करीत नाही. पण त्या खोलीत कबुली ऐकणारा न्यायाधीश पापक्षमा देऊ शकत नाही. १९३२ साली एका मुलाला दिलेली देहान्ताची शिक्षा त्याच्या स्वतःच्याच मनात घर करून आहे. तेथे धर्मगुरूंची जागा रिकामी आहे, आणि ती रिकामी जागा आपल्या मुलांइतकी कोणाच्या लक्षात येणार?

भाषा सोपी नाही. संवादांना अवतरणचिन्हे नाहीत, स्पॅनिश वाक्ये तशीच ठेवली आहेत. तेव्हा पालकांनी सोबत बसून वाचावे. आक्षेपकांनी निदान ओझोनापासूनची पाने तरी वाचावीत.