तपासणी कुणाची, मुलाची की बोलीची?

मूल उशिरा बोलतंय म्हटलं की आईबापांच्या पोटात गोळा येतो. मुंब्र्याहून किंवा कल्याणहून बांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत जायचं तर दादरला गाडी बदला, कडेवर मूल घ्या, दिवसाची मजुरी बुडवा. अशा वेळी मोबाईलवर वाचा-तपासणी होत असेल तर ती सोय राहिलीच पाहिजे. माझी तक्रार सोयीबद्दल नाही, तिथे मुलाला लावल्या जाणाऱ्या फूटपट्टीबद्दल आहे.

आमच्या नात्यातल्या चार वर्षांच्या मुलीची अशी तपासणी मी शेजारी बसून पाहिली. पडद्यावर पेला दिसला, ती म्हणाली, 'पानी'. 'ण' नाही म्हणून चूक. फळ दाखवलं, ती म्हणाली, 'फल'. 'ळ' नाही म्हणून दुसरी चूक. अहो, तिच्या घरच्या उर्दूत हे उच्चार नाहीतच! डोंबिवलीच्या आगरी घरातलं मूलही 'पानी', 'डोला' म्हणतं. तेही आजारी का? हा प्रश्न फक्त मुसलमानांचा नाही.

वर सल्ला काय? 'घरात एकच भाषा बोला.' मी मराठीत लिहितो, मराठी माझीच आहे. तरीही हा सल्ला मला मान्य नाही. दोन भाषा ऐकल्याने वाचादोष होत नाही. भाषेचा मूळचा दोष असेल तर तो मुलाच्या दोन्ही भाषांत दिसतो. एकीतच अडखळत असेल तर बहुधा त्या भाषेचा सराव कमी आहे. मग नानीला गप्प बसवून काय साधणार? मुलाशी दिवसभर बोलणारं माणूसच तुम्ही काढून घेता.

दुसरी गोष्ट कानांची. मोबाईलच्या आवाजात 'स', 'श', 'फ' यांतला फरक नीट कळत नाही. शिवाय मुलाला ऐकू येतं की नाही, हे व्हिडिओ कॉलवरून ठरत नाही. त्यासाठी यंत्रावरची तपासणी लागते आणि ती आधी व्हायला हवी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या पालघरमधूनच सुरू झाला. बहिरेपण आणि भाषेतला विलंब दोन्ही त्यात येतात, तपासणी मोफत आहे. अंगणवाडीत जाऊन तिची मागणी करा.

मोबाईलचा खरा फायदा वेगळाच आहे. मूल नानीशी भांडतं, खेळताना बडबडतं, ते घरच्या घरी रेकॉर्ड करून तज्ज्ञाला ऐकवता येतं. दवाखान्यातल्या खुर्चीवर हेच मूल तोंड उघडत नाही. ती बोली तज्ज्ञाला येत नसेल तर ती जाणणारं माणूस कॉलवर घ्यावं. यात अवघड काय आहे?

तेव्हा अहवाल हातात घेण्याआधी दोन प्रश्न विचारा: माझ्या मुलाचे कान तपासले का? आणि त्याला कोणत्या भाषेत तपासलं? उत्तर मिळेपर्यंत मुलाच्या कपाळावर 'मंद' हा शिक्का मारू देऊ नका.