सैनिकाच्या उशाशी

लकडगंजातील टाली आणि आरा मशीन रात्री बंद होतात, इतवारीतील सराफी पेढ्यांची शटरे खाली येतात, तेव्हा कित्येक दारांशी जो माणूस खुर्ची टाकून बसतो त्याला सारे ‘फौजी’ म्हणतात. जवान साधारणतः पस्तीस ते पंचेचाळीस या वयातच सैन्यातून निवृत्त होतो. पंधरा वर्षांच्या सेवेनंतर निवृत्तिवेतनाचा हक्क मिळतो. परंतु मुलांची शिक्षणे आणि घराचे हप्ते उरलेले असल्याने तो दुसरी नोकरी धरतो, आणि ती बहुधा पहाऱ्याचीच असते. व्यापारी त्याच्या हाती गोदामाच्या किल्ल्या निर्धास्तपणे सोपवतो. त्याच्या घरी कोण आजारी आहे आणि उशाशी कोण बसले आहे, ही चौकशी मात्र क्वचितच होते.

नागपूरला सैन्याचा शेजार जुना आहे. कामठीची छावणी १८२१ सालची. गार्ड्स रेजिमेंटचे केंद्र तेथे आहे, सैनिकी रुग्णालयही तेथेच आहे. वायुसेनेच्या मेंटेनन्स कमांडचे मुख्यालय वायुसेनानगरात आहे. त्यामुळे निवृत्तीनंतर याच परिसरात घर केलेली माणसे पुष्कळ. १९७१ च्या युद्धात विशीत असलेले आता पंचाहत्तरीच्या आसपास किंवा त्यापुढे आहेत. १९९९ च्या कारगिल युद्धात तेराशेहून अधिक सैनिक जखमी झाले. त्यांतील तरुण आज पन्नाशीकडे आले, आणि ज्या आयांनी त्यांची तेव्हा शुश्रूषा केली त्या स्वतःच आता थकल्या आहेत. कुणाचे कान तोफांच्या आवाजाने गेलेले असतात, कुणाचे गुडघे आणि कंबर डोंगरांनी झिजवलेली असते. त्यावर वृद्धापकाळीचा पक्षाघात किंवा स्मृतिभ्रंश आला, की हुकूम पाळण्यात आणि देण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला दुसऱ्याच्या हातून घास घ्यावा लागतो. त्याची चिडचिड सहसा घास भरवणाऱ्यावरच निघते.

मुरलीकांत पेटकर हे नाव अलीकडे चित्रपटामुळे घरोघरी पोहोचले. सांगली जिल्ह्यातील हा जवान १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली पंगू झाला आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्यात भारताला पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. पद्मश्री मिळाली ती २०१८ मध्ये. पडद्यावर ही कथा काही तासांत संपते. घरात मात्र पाठीच्या कण्याला इजा झालेल्या माणसाला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, रात्रीसुद्धा. एरवी पाठीला, टाचांना शय्याव्रण होतात आणि ते भरून येण्यास महिनोन् महिने लागतात. लघवीच्या नळीची स्वच्छता राहिली नाही तर ताप चढतो. अशा जखमींसाठी पुण्याजवळ खडकी येथे १९७४ पासून पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र आहे, आणि अवयव गमावलेल्यांसाठी पुण्यातच १९४४ पासून कृत्रिम अवयव केंद्र आहे. दोन्ही संस्थांचे काम मोठे. पण बहुतेक माजी सैनिक घरीच असतात, आणि तेथील रात्रपाळी पत्नीची किंवा सुनेची असते.

ही रात्रपाळी कोणत्याही नोंदवहीत नाही. अमेरिकेने २०१० मध्ये कायदा करून जखमी सैनिकाची सेवा करणाऱ्या आप्ताला स्वतंत्र ओळख दिली: दरमहा मानधन, प्रशिक्षण, आणि वर्षातून निदान तीस दिवस विसावा मिळावा म्हणून पर्यायी सेवेची सोय. प्रारंभी ती ११ सप्टेंबर २००१ नंतर जखमी झालेल्यांच्या कुटुंबांपुरती होती. २०१८ च्या कायद्याने जुन्या युद्धांतील सैनिकांच्या घरांनाही तिचा मार्ग खुला झाला. भारतात सेवा करणाऱ्याच्या नावे असे काही नाही. शंभर टक्के अपंगत्व असलेल्या सैनिकाला सतत मदतनीस लागतो असे वैद्यकीय मंडळाने ठरवल्यास ‘कॉन्स्टंट अटेंडन्स अलाउन्स’ मिळतो, परंतु तो सैनिकाच्या निवृत्तिवेतनातून येतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये काळजी घेणाऱ्यासाठीच्या भत्त्याचा उल्लेख आहे. तो योजनेत उतरवण्याचे काम सरकारांवर सोपवलेले आहे. थोडक्यात, पत्नीला जे काही मिळायचे ते सैनिकाच्या कागदांतूनच, आणि म्हणून त्या कागदांत तिचे नाव कसे लिहिले आहे यावर पुढचे सारे अवलंबून राहते.

व्यापाऱ्याला हे समजावून सांगण्याची गरज नाही. जीएसटीच्या नोंदणीत एक अक्षर चुकले तर काय धावपळ होते, हे प्रत्येक पेढी जाणते. सैनिक भरती झाला तेव्हा किंवा लग्नानंतर त्याने पत्नीचे नाव ज्या रीतीने कळवले, त्याच रीतीने ते रेकॉर्ड ऑफिसात नोंदले गेले. तेथे ‘शांता’, आधार कार्डावर ‘शांताबाई’, जन्मतारीख तिसरीच. सैनिक हयात आणि शुद्धीवर असेपर्यंत ही दुरुस्ती त्याच्या अर्जाने आणि प्रतिज्ञापत्राने होते. त्याला पक्षाघात झाला, सही करणे किंवा आठवणे जमेनासे झाले, की तीच दुरुस्ती पत्नीला एकटीने करावी लागते, आणि तोही नेमका तिला घराबाहेर पडणे अशक्य असण्याच्या काळात. निवृत्तिवेतनाच्या आदेशात पत्नीचे नाव आहे का, निवृत्तिवेतनाचे बँकखाते दोघांच्या नावे आहे का, इतके तरी आजच पाहून घेण्याजोगे आहे. या सर्व पत्रव्यवहारासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय असते. नागपूर जिल्ह्याचेही आहे, आणि तेथे माजी सैनिकाची व सैनिकपत्नीची नोंद करून ओळखपत्र दिले जाते. कित्येक कुटुंबे वर्षानुवर्षे तेथे फिरकतच नाहीत, ही खेदाची गोष्ट आहे.

औषधोपचारासाठी १ एप्रिल २००३ पासून माजी सैनिकांची अंशदायी आरोग्य योजना, म्हणजे ईसीएचएस, चालू आहे. सैनिक, पत्नी आणि अवलंबितांना पॉलिक्लिनिकात उपचार मिळतात आणि तेथून मान्यताप्राप्त खाजगी रुग्णालयात पाठवल्यास रोख रक्कम भरावी लागत नाही. अडचण येते ती आणीबाणीच्या वेळी. मध्यरात्री छातीत कळ आली, जवळच्या रुग्णालयात नेले, आणि ते मान्यताप्राप्त नव्हते, तर पॉलिक्लिनिकाला दोन दिवसांच्या आत कळवावे लागते; परतफेडही सरकारी दरानेच होते. रुग्णाजवळ एकटी असलेली बाई हे दोन दिवस रुग्णालयाच्या ओसरीत काढते आणि मुदत निघून जाते. शेजाऱ्याने एक फोन किंवा एक अर्ज नेऊन दिला तरी लाखभराचा प्रश्न सुटू शकतो.

निवृत्तिवेतन चालू राहण्यासाठी दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला त्यासाठी खांद्यावर घेऊन नेल्याचे प्रकार आजही घडतात. वास्तविक जीवन प्रमाण या व्यवस्थेत मोबाइलच्या कॅमेऱ्याने चेहरा ओळखून घरबसल्या दाखला देता येतो. बोटांचे ठसे झिजलेल्या म्हाताऱ्यांना ही सोय फारच उपयोगी आहे. दुकानातील जो मुलगा दिवसभर मोबाइलवर बिले पाठवतो, त्याला हे काम एका बैठकीत जमेल.

काही सैनिकांना निवृत्तिवेतन नसते, कारण पंधरा वर्षे पूर्ण होण्याआधीच ते घरी आले. हवालदार पदापर्यंतच्या अशा माजी सैनिकांना किंवा त्यांच्या विधवांना वयाच्या पासष्टीनंतर केंद्रीय सैनिक बोर्डाकडून मदत मिळू शकते. ती दरमहा ४,००० रुपये होती. १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना ८,००० रुपये करण्यात आली. अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फतच जातो. आयकर भरणाऱ्या दिव्यांग निवृत्त सैनिकाला जुन्या करप्रणालीत ७५,००० रुपयांची, आणि अपंगत्व ऐंशी टक्के वा अधिक असल्यास १,२५,००० रुपयांची वजावट आहे. मुनीमजींना विचारले तर तेही हेच सांगतील. विचारले पाहिजे, इतकेच.

पैशाने न भरून येणारी एक गोष्ट उरते. रात्री दचकून उठणारा, दारे पुन्हापुन्हा तपासणारा, पिऊन गप्प बसणारा सैनिक आणि त्याला सांभाळणारी पत्नी, दोघेही हे दुखणे कुणाला सांगत नाहीत. टेलीमानस या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र विनामूल्य चालतो, आणि सैनिक व त्यांच्या कुटुंबीयांसाठी पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात २०२३ च्या डिसेंबरपासून तिचा स्वतंत्र कक्ष आहे. सेवा करणारीलाही हा फोन स्वतःसाठी करता येतो. ती तो करणार नाही, कारण आजारी आपण नाही असे तिला वाटते.

शास्त्राने वैयावृत्त्याला आभ्यंतर तपांत स्थान दिले आहे. अठाई केलेल्याची मिरवणूक निघते, पारण्याला सारा समाज जमतो. सात वर्षे सासऱ्याची कूस बदलणाऱ्या सुनेला घरातल्या घरात तरी कुणी विसावा दिला आहे का, हा प्रश्न व्यापारी घरांनाही तितकाच लागू आहे. सैनिकाच्या घरी तर मनुष्यबळ आणखी तुटपुंजे असते. तेथे सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे तीन तास: ती बाजारात, बहिणीकडे किंवा झोपायला जाईल, आणि तेवढा वेळ उशाशी दुसरे कुणी बसेल. महिला मंडळातील दोघीतिघींनी आठवड्याचा एक वार वाटून घेतला तर हे होऊ शकते. पाण्याची वा हवेची गादी, चाकाची खुर्ची, पाठ उचलणारा पलंग या वस्तू अनेक सामाजिक संस्था वापरायला देतात. त्या विकत घेण्यापूर्वी तेथे विचारावे. आणि ज्या टालीवर किंवा दुकानात सैनिकाचा मुलगा कामाला आहे, तेथे पॉलिक्लिनिकाच्या दिवशीची अर्धी सुटी पगारात धरून द्यावी. दुकानदाराला ती जड जात नाही.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात प्रथमच जाताना डिस्चार्ज बुक, निवृत्तिवेतनाचा आदेश, दोघांची आधार कार्डे, बँकेचे पासबुक आणि छायाचित्रे बरोबर असावीत, प्रत्येकाच्या दोन-दोन प्रती काढाव्यात, आणि निघण्यापूर्वी सर्व कागद एका टेबलावर मांडून पत्नीचे नाव प्रत्येकात सारखेच आहे का, हे अक्षर अक्षर ताडून पाहावे.