बीप, बीप आणि वहिनीची अंगठी

माझी वहिनी तीन आठवडे व्हिडिओ कॉलवर फक्त उजव्या हाताने बोलत होती. म्हणजे मोबाईल कायम डाव्या हातात, आणि डावा हात कायम कॅमेऱ्याच्या मागे. तिकडे पुण्यात आई, इकडे इंग्लंडमध्ये रेडिंगला वहिनी आणि मध्ये हा मोबाईल. एरवी ‘आई, हे बघा ना’ म्हणत दोन्ही हात नाचवणारी ही बाई एकदम शिस्तीत बोलायला लागली, तेव्हा काहीतरी लोचा आहे हे ननंद म्हणून मला कळायलाच हवं होतं. पण मी पडले बावळट!

गेल्या नोव्हेंबरमध्ये कंपनीने मला दोन महिन्यांसाठी लंडन ऑफिसला पाठवलं. पॅडिंग्टनहून फास्ट ट्रेनने पंचवीसेक मिनिटांत रेडिंग, त्यामुळे प्रत्येक वीकेंडला दादाकडे आयतं वरण-भात-तूप. पहिल्याच शनिवारी वहिनीने मला किचनमध्ये ओढलं, दार लावलं आणि डावा हात पुढे केला. बोट रिकामं!

आता ही अंगठी म्हणजे काय प्रकरण आहे ते सांगते. दादाच्या साखरपुड्याच्या वेळी आईने आजीची एक पाटली मोडली आणि त्या सोन्याच्या दोन अंगठ्या केल्या. एक दादाला, एक वहिनीला. आजी तोपर्यंत गेलेली होती. सोनाराकडून आल्यावर आई रात्रभर गप्प होती, हे मला आठवतंय. तीच अंगठी वहिनीने घराजवळच्या पार्कात, भाच्याला झोका देताना हरवली होती. दोन-चार डिग्री टेंपरेचर, हातमोजे काढले, हाताला क्रीम चोपडलेलं. थंडीत बोटं आकसतात हो! अंगठी कधी निसटली ते कळलंच नाही. घरी येऊन हात धुताना लक्षात आलं.

दादाचं सोल्युशन एकदम आयटीवाल्याचं. ‘इन्शुरन्स क्लेम करू, नवीन घेऊ, विषय संपला.’ त्यावर वहिनी एवढंच म्हणाली, ‘सोनं मिळेल रे. ती पाटली कुठून आणू?’ दादाने लॅपटॉप बंद केला.

सोमवारी ऑफिसात मी हे रडगाणं गायले, तर शेजारच्या डेस्कवरचा कलीग म्हणाला, ‘डिटेक्टरवाल्याला बोलाव की!’ तेव्हा कळलं, इकडे मेटल डिटेक्टिंग हा चक्क छंद आहे. त्यावर बीबीसीने २०१४ मध्ये ‘डिटेक्टरिस्ट्स’ नावाची सिरीयलसुद्धा काढली होती. आणि छंद भलताच फळतो कधीकधी. २००९ मध्ये स्टॅफर्डशरमधल्या एका शेतात अशाच एका हौशी माणसाला अँग्लो-सॅक्सन काळातल्या सोन्याचा साठा सापडला. किंमत ठरली ३२.८५ लाख पौंड! पण या मंडळींतले बरेच जण शनिवार-रविवारी लोकांच्या हरवलेल्या अंगठ्यासुद्धा शोधून देतात. ‘द रिंग फाइंडर्स’ नावाची अशा लोकांची डिरेक्टरीच आहे, वेगवेगळ्या देशांतली.

आम्हाला मिळाले ते रेडिंगजवळच राहणारे एक रिटायर्ड पोस्टमन. आम्ही त्यांचं नाव ठेवलं काका. फी विचारली तर म्हणाले, पेट्रोलचे पैसे आणि गरम चहा. मात्र अट एक. पार्क कौन्सिलचा आहे, आधी परवानगी. मेलवर लेखी उत्तर आलं तेव्हाच काका मशीन घेऊन हजर झाले. पुढचा शनिवार, दुपारचे तीन.

पहिल्यांदा त्यांनी काय केलं माहितीये? दादाची अंगठी काढून घेतली. दादाचा चेहरा बघण्यासारखा होता! काकांनी ती गवतावर ठेवली आणि मशीनची गोल थाळी, म्हणजे कॉइल, तिच्यावरून दोन-तीनदा फिरवली. स्क्रीनवर आकडा आला ६५. एकाच पाटलीच्या दोन अंगठ्या, सोनं तेच, म्हणजे वहिनीची थोडी लहान असल्यामुळे आकडा यापेक्षा जरा खाली येणार. शोधायचं काय ते ठरलं. इकडच्या अंगठ्या बहुतेक ९ कॅरेटच्या, आपल्या २२ कॅरेटच्या. त्यात भेसळ कमी, त्यामुळे आपल्या सोन्यातून वीज जास्त सहज वाहते आणि आकडाही वेगळा येतो. बॉस, आजीची पाटली थेट फिजिक्समध्ये!

मशीनचं गणित तसं सोपं आहे. कॉइलमध्ये तारांची दोन वेटोळी असतात. एक वेटोळं सेकंदाला काही हजार वेळा उलटसुलट होणारं चुंबकीय क्षेत्र जमिनीत सोडतं. खाली धातू असेल तर त्यात बारीकसा विजेचा प्रवाह गरगरायला लागतो आणि त्या प्रवाहाचं स्वतःचं इवलंसं क्षेत्र तयार होतं. दुसरं वेटोळं तेवढंच ऐकतं. लोखंडाचं उत्तर वेगळं, तांब्याचं वेगळं, सोन्याचं वेगळं. गोची एवढीच की चॉकलेटची चांदी आणि कॅनचं झाकण उघडायची कडी यांची उत्तरं सोन्याच्या अंगठीच्या आसपासच येतात. म्हणजे सोनं हवं असेल तर कचरासुद्धा उकरावाच लागणार. शॉर्टकट नाही.

काका झोक्यापाशी गेले आणि मशीन पिसाळलं. बीप, बीबीप, बीप! स्क्रीनवर आकडे नुसते नाचत होते. १२, ८८, ४०, ६५! ‘पासष्ट! पासष्ट!’ वहिनी ओरडली. काकांनी हात वर केला. कॉइल जमिनीवर ठेवली आणि पुतळ्यासारखे उभे राहिले. मशीन तरीही बोलतच होतं.

‘मी हललो नाही आणि हे बडबडतंय,’ काका म्हणाले, ‘म्हणजे हा आवाज जमिनीतला नाही. हवेतला आहे.’

हीच ती परीक्षा. कॉइल हलवली की बीप आणि थांबवली की शांत, तर खाली काहीतरी आहे. कॉइल थांबवूनही बीप सुरूच, तर तो विजेचा गोंगाट. कारण तारांचं वेटोळं म्हणजे शेवटी अँटेनाच की! धातूचा आवाज इतका बारीक असतो की आजूबाजूच्या वायरी, दिवे, चार्जर सगळे त्याच्यावर ओरडू शकतात. आम्ही आजूबाजूला बघितलं. कुंपणाला लागून विजेचं सबस्टेशन. पलीकडे फुटबॉलचं मैदान, त्याला उंच एलईडी फ्लडलाइट. एका आजोबांची इलेक्ट्रिक स्कूटर बाकाला टेकवलेली. आणि आम्ही स्वतः? तीन मोबाईल, दोन स्मार्टवॉच, एक इअरबडची डबी. चालताबोलता गोंगाट!

मोबाईल आणि घड्याळं एअरप्लेन मोडवर. थोडा फरक पडला. मग काकांनी कॉइल हवेत स्थिर धरून एक बटण दाबलं. मशीन आपली फ्रीक्वेन्सी थोडी थोडी सरकवून बघतं आणि ज्यात सगळ्यात कमी खरखर आहे ती निवडतं. अजून थोडा फरक. आता बरं चाललं होतं. दोन पेनी, एक हेअरपिन, एक खेळण्यातली गाडी मिळाली. भाचा गाडीवर खूश. आणि चार वाजता, अंधार पडायला आणि फ्लडलाइट लागायला एकच गाठ पडली. मशीन पुन्हा ठार वेडं!

काकांनी मशीन बंद केलं. ‘उद्या सकाळी सात वाजता. दिवे लागायच्या वेळेला नाही, विझलेले असताना.’

वहिनी घरी येताना एक शब्द बोलली नाही. पाच वाजता नेहमीप्रमाणे आईचा कॉल. तिकडे रात्रीचे साडेदहा, सिरीयल संपल्यावरची वेळ. वहिनीने मोबाईल डाव्या हातात घेतला, थांबली आणि ओट्यावर डब्याला टेकवून ठेवला. दोन्ही हात समोर. ‘आई, मला एक सांगायचंय. अंगठी...’

‘हरवली ना?’ आई म्हणाली. ‘तीन आठवडे झाले. आधी मोबाईल ओट्यावर टेकवून पोळ्या लाटत बोलायचीस. एकदम हातात धरायला लागलीस. मला काय कळत नाही होय गं?’

‘मग विचारलं का नाही?’

‘तूच सांगशील म्हटलं. दसऱ्याला आपण किती मोकळं बोललो होतो. आता नुसतं हवापाणी बोलतेस. अंगठीचं दुःख आहे गं, खोटं कशाला बोलू. पण त्याहून हे जास्त लागलं.’

वहिनी रडली. तिकडे आई पण. मी आणि दादा गॅसवरच्या कुकरकडे बघत उभे. मग आईने पाटलीची गोष्ट सांगितली. मोडताना सोनारापुढे ती स्वतः किती रडली होती ते. आजपर्यंत आम्हा दोघांना तिने कधी सांगितलं नव्हतं. अर्धा तास कॉल चालला. त्यात अंगठीचा विषय पाचच मिनिटं.

रविवार, सकाळचे सव्वासात. पार्कात आम्ही आणि दोन कुत्री. दिवे बंद. काकांनी आज अर्ध्या आकाराची कॉइल आणली होती. लहान कॉइल आजूबाजूचा गोंगाट कमी गोळा करते आणि झोक्याच्या लोखंडी खांबाला बरीच जवळ नेता येते. सबस्टेशन मात्र होतंच, ते काही रविवारची सुट्टी घेत नाही. मग काकांनी सेन्सिटिव्हिटी बरीच खाली आणली.

‘अहो, कमी केलीत तर सापडणार कसं?’ दादाने विचारलं. अगदी माझ्या मनातला प्रश्न.

काका हसले. सेन्सिटिव्हिटी फुल ठेवली की माणसाला वाटतं आपण जास्त खोल ऐकतोय. इथे आपण जास्त फक्त गोंगाट ऐकतो. कमी केली की दोन-तीन इंच खोली जाते. पण महिन्यापूर्वी पडलेली अंगठी हातभर खोल कशी जाईल? ती वरच्या चार इंचांतच असणार.

झोक्याखाली रबराची मॅट आणि तिच्याभोवती झाडाच्या सालीचे तुकडे पसरलेले. काका हळूहळू, खांबाला समांतर कॉइल फिरवत पुढे सरकले. चांदी. कडी. पुन्हा चांदी. एक नाणं. प्रत्येक वेळी हातमोजा घालून साल बाजूला, वस्तू पिशवीत, साल परत जागेवर. पाऊण तासाने, डाव्या खांबापासून वीतभर अंतरावर, बीप. कॉइल थांबवली, शांत. हलवली, बीप. आकडा ६१. पुन्हा ६१. आडवी फिरवली, तरी ६१.

काकांनी स्वतः हात घातला नाही. वहिनीला म्हणाले, ‘तू काढ.’

वहिनीने गुडघे टेकले, साल बाजूला केली. तीन इंचांवर, मातीने माखलेली, आजीची पाटली. काकांनी चहाचा दुसरा कप मागितला आणि मुद्दाम दुसरीकडे बघत बसले.

आता तुमच्यासाठी थोडं कामाचं. तुमचं असं काही पडलंच, तर आधी जागेवर उभं राहून मोबाईलमध्ये फोटो काढा. कोणता झोका, कोणती बाजू. दहा जणांनी पाय फिरवले की अंगठी आणखी खाली जाते. मशीन मिळालं तर तसलीच दुसरी अंगठी आधी खाली ठेवून आकडा पाहून घ्या. गोंगाट असेल तर मोबाईल बंद, फ्रीक्वेन्सी बदला, सेन्सिटिव्हिटी कमी करा, तरीही नाही जमलं तर दिवे नसताना या. जागा ज्याची, त्याची परवानगी घ्या, मग ती सोसायटी असो की महापालिका.

आणि हो, हे वाचून मशीन मागवून थेट गडावर निघू नका! संरक्षित स्मारकांत परवानगीशिवाय खणणं हा गुन्हा आहे. शिवाय आपल्याकडे १८७८ चा ट्रेझर ट्रोव्ह कायदा आहे. जमिनीत दडलेलं, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं धन सापडलं की कलेक्टरला कळवावं लागतं. हो, दहाच रुपये!

जाता जाता एक किस्सा. टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल माहितीयेत ना? १८८१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांना गोळी लागली, तेव्हा अंगातली गोळी शोधायला बेलसाहेब स्वतः बनवलेला डिटेक्टर घेऊन गेले. यंत्र नुसतं खरखरत राहिलं, गोळी काही सापडली नाही. नंतर कळलं, पलंगाच्या गादीखाली पोलादी तारांची जाळी होती. त्यात डॉक्टरांनी शोधायला दिली उजवी बाजू, आणि गोळी होती डावीकडे. तेव्हा काही सापडेना झालं की मशीनवर चिडण्याआधी खाली गादी कसली आहे तेवढं बघा!

आमच्याकडे सध्या मोबाईल पुन्हा ओट्यावर टेकवलेला असतो. आईने कॉलवर अंगठी नीट निरखली आणि फर्मान काढलं, ‘मागच्या बाजूने दोरा गुंडाळून घे आधी. सैल झालीये तुला. जेवतेस की नाही?’

पुढचा अर्धा तास वहिनीच्या जेवणावर!