पुढारी येईपर्यंतची कविता



आपल्या सभेत कवितेला कुठली जागा आहे, हे तुम्हा-आम्हाला चांगले ठाऊक आहे. सभा दोनची असते, पुढारी पाचला येतात. मधल्या वेळात माणसे उठून जाऊ नयेत म्हणून एखाद्या पोराच्या हाती माईक देतात. पोरगा बिचारा दोन कविता पाठ करून आलेला असतो. दुसरी अर्ध्यावर आली की रस्त्याला धुरळा दिसतो, ‘आले, आले’ असा गलका होतो आणि पोराला तिथेच खाली बसवतात. मी हे तीस वर्षे पाहिले आहे. दोन-चार वेळा तो माईक माझ्याच हाताने काढून घेतला आहे. उरलेली कविता काय होती, हे त्यातल्या एकाही पोराला मी नंतर विचारले नाही.

आज हे लिहायला कारण घडले ते रायगड जिल्ह्यातले चौक. खालापूर तालुक्यातले, जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरचे हे गाव. पनवेल-कर्जत रेल्वे इथून जाते, पाठीशी इर्शाळगड उभा आहे. माझा पुतण्या तिकडे कारखान्यात कामाला असतो, म्हणून जाणे झाले. मुलूख भाताचा. पऱ्हाटी औषधालाही दिसत नाही, ज्वारी फक्त किराणा दुकानात. कर्जत-खालापूरच्या या पट्ट्यात भाताची खाचरे एकेक करून तारेच्या कुंपणाआड चालली आहेत आणि कुंपणाआड शहरवाल्यांची फार्महाऊसे उभी राहत आहेत. अशाच एका ठिकाणी ‘नवोदित कवींसाठी’ दोन दिवसांची कार्यशाळा होती. काका कविता करतो, हे पुतण्याला माहीत. त्याने हौसेने साडेतीन हजार रुपये भरले. २०२५-२६ सालासाठी हायब्रीड ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३६९९ रुपये जाहीर झाला. म्हणजे दोन दिवस कविता शिकायची फी झाली जवळपास एक क्विंटल ज्वारी. तीही हमीभावाने विकली गेली तर!

मी तिथे बापावरची कविता वाचली. कापसाची एकाधिकार खरेदी १९७२ साली सुरू झाली. त्या काळात खरेदी केंद्रापुढे बैलगाड्यांच्या रांगा लागत. तुमच्यापैकी पन्नाशीच्या पुढचे सगळे त्या रांगेत झोपलेले आहेत. माझा बाप तीन दिवस रांगेत होता. गाडीत फरदडीचा कापूस होता, म्हणून ग्रेड पाडली. एवढीच कविता.

शिकवणारे गृहस्थ भले होते, आदराने बोलत होते. म्हणाले, “काका, फरदड म्हणजे काय? वाचक अडखळेल. आणि ग्रेड, क्विंटल हे शब्द जरा रुक्ष वाटतात. मातीचा वास येऊ द्या ना कवितेत.”

फरदड म्हणजे काय, हे या पानाच्या वाचकाला सांगायची गरज नाही. वेचण्या संपल्यावरही पऱ्हाटी उपटायची नाही, पाऊस झाला तर पावसावर, नाहीतर असेल ते पाणी देऊन पुन्हा चार बोंडे घ्यायची. सरकी हलकी, धागा आखूड, भाव कमी, आणि वर बोंडअळीला घर मिळते म्हणून कृषी खात्याची बोलणी. तरी शेतकरी फरदड घेतो, कारण पहिल्या वेचण्यांत बियाण्या-खताचे पैसे निघालेले नसतात. माझ्या बापाचा सगळा हिशेब त्या एका शब्दात होता. तो काढला तर मागे काय राहते? एक गरीब शेतकरी, एक रांग आणि मातीचा वास. शहरातल्या श्रोत्याला हेच हवे असते. त्याला शेतकऱ्याच्या दुःखाची आवड आहे, हिशेबाची नाही. कविसंमेलनात सूत्रसंचालक फर्माईश करतो, ‘आत्महत्येवरची होऊन जाऊ द्या.’ जणू लावणीच मागतो आहे. कवी फास लावून दाखवतो, सभागृह हळहळते, शाल-नारळ होतो. तो फास ज्या सोसायटीच्या थकबाकीने आणि ज्या भावाने वळला, त्याचे आकडे कवितेत आले असते, तर तेच सभागृह म्हणाले असते, हा प्रचार झाला.

पण नुसते त्यांच्यावर ओरडून भागणार नाही. आमची पोरे काय लिहितात? काळी आई आणि बळीराजा. आई म्हटले की तिचा हिशेब मागता येत नाही आणि राजा म्हटले की भाव मागायला तोंड राहत नाही. ज्यांनी आम्हाला लुटले त्यांनीच भाषणातून दिलेली ही नावे, आणि आमचा कवी ती दागिन्यासारखी मिरवतो. त्याला हे सांगणारे कुणी भेटलेले नाही. घरात बायको म्हणते, निंदायला चला. गावात म्हणतात, कवितेने कापसाला भाव मिळतो का? शहरात म्हणतात, वा!

आता त्याच दिवशी संध्याकाळी काय झाले ते सांगतो. पुतण्याच्या शेजारी ओटीवर पाच-सात माणसे बसली होती, भातवाली. त्यांच्या आग्रहाने तीच कविता वाचली. फरदड कुणाला माहीत असायचे कारण नव्हते. एकाने विचारले, मी सांगितले, त्याने मान हलवली. पाच मिनिटांचेही काम नव्हते. मग एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, “भाऊ, तीन दिवस गाडी रांगेत, तर बैलांना पाणी कुठं पाजलंत?”

मी गप्पच झालो. कवितेत बैल होते, त्यांची तहान नव्हती. आवारात पाण्याची सोय नव्हती. बाप शेजारच्या हॉटेलातून पैसे देऊन बादली आणत असे आणि मी, दहा-बारा वर्षांचा, ती सांडू नये म्हणून मागे चालत असे. चाळीस वर्षांत हे मला एकदाही आठवले नव्हते. त्या रात्री कविता पुरी झाली. ज्या माणसाने जन्मात कापसाची गाडी हाकली नाही त्याने ती पुरी केली, कारण त्याने बैल पाळले होते.

कार्यशाळा म्हणतात ती ही. जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला तो १८८३ साली. तो जसजसा लिहून होत होता तसतसा ते जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी लोकांना वाचून दाखवत होते. ज्यांच्याबद्दल लिहायचे ते समोर बसलेले. पुढे १८८५ साली न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्याच्या ग्रंथकार सभेचे बोलावणे धाडले तेव्हा जोतीरावांनी साफ नकार कळवला. नकार देण्याआधी त्यांची स्वतःची बैठक गावोगाव भरून चुकली होती, हे आपण विसरतो. आपण नकार तेवढा उचलला.

याच कर्जत तालुक्यात, नेरळला, कवी नारायण सुर्वे उतारवयात राहायला आले होते. गिरणगावात वाढलेला हा कवी, पण डोंगरी शेत बेणणाऱ्या बाईचे गाणे त्यांनीच लिहिले आणि ते शाहिरांच्या तोंडून खेड्यापाड्यांत गेले. आपल्या परभणीच्या १९९५ च्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. कामगारांच्या चळवळीने आपला कवी उभा केला, ऐकला, सांभाळला. शेतकऱ्यांच्या चळवळीने काय केले? विठ्ठल वाघ, इंद्रजित भालेराव ही माणसे आपल्याच काळ्या रानातून वर आली, पण स्वतःच्या बळावर. शेतकरी साहित्य संमेलन वर्ध्याला भरायला २०१५ साल उजाडले. चांगलेच झाले. पण संमेलन हे पीक आहे. पेरणी तालुक्या-तालुक्यात व्हावी लागते.

ती झाली नाही की काय होते, ते चौकाच्या पाठीशी दिसते. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या पायथ्याची ठाकरांची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. २७ माणसांचे देह सापडले, ५७ सापडलेच नाहीत. त्यानंतर पंधरवड्यात, ३ ऑगस्टला, ना. धों. महानोर गेले. पळसखेडचा हा कोरडवाहू शेतकरी. रायगडातल्या ठाकरांवरच्या ‘जैत रे जैत’ची, १९७७ च्या चित्रपटाची, गाणी त्यांनी लिहिली आणि ठाकर साऱ्या महाराष्ट्राला ऐकू आले. पण इर्शाळवाडीच्या बाया स्वतः काय गात होत्या? चौकात मी ज्यांना ज्यांना विचारले त्यांच्यापैकी कुणाकडे वही नव्हती.

बहिणाबाई चौधरींची गाणी आपल्याकडे आहेत, कारण सोपानदेव आणि घरातला एक भाऊ ती उतरवून घेत. १९५१ साली त्या गेल्या, १९५२ साली पुस्तक आले. उतरवणारा नसता तर जळगावची एक म्हातारी वारली, एवढीच बातमी उरली असती. पुण्याकडे हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी जात्यावरच्या एक लाखावर ओव्या जमवल्या, बाईचे नाव आणि गाव लावून. नाव लावून, हे महत्त्वाचे. आपल्या सभेच्या पत्रिकेवर वेचणीला गाणाऱ्या बाईचे नाव कधी छापले आहे का?

तेव्हा जिल्हा बैठकीपुढे माझी मागणी ठेवतो. जेवणानंतरचा एक तास कवितेचा. पुढारी आले तरी त्यांनी मागे बसून ऐकायचे. हार नाही, शाल नाही, अध्यक्ष नाही. वाचणाऱ्याने वाचायचे आणि ऐकणाऱ्याने विचारायचे: भाव किती लागला, पाऊस कोणत्या नक्षत्राचा, बैलांना पाणी कुठे पाजले. वाहवा करणाऱ्याने बाहेर चहा घ्यावा. शंभर पानी वही आणि पेन मी आणतो. ज्यांच्या घरी जात्यावरचे गाणारी आजी आहे त्यांनी तिला गाडीत पुढच्या सीटवर बसवून आणावे. तिला येणे जमत नसेल तर नातवाने मोबाइलवर आवाज भरून घ्यावा आणि सुरुवातीला तिचे पूर्ण नाव, गाव आणि शेत किती, हे तिच्याच तोंडून वदवून घ्यावे.