सिकलसेलची मोजदाद आणि मॉर्फिनचा दुष्काळ

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे पंतप्रधानांनी सिकलसेल निर्मूलनाच्या राष्ट्रीय मोहिमेस आरंभ केला. सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत रोगाचे उच्चाटन हे तिचे उद्दिष्ट. तपासणीला आमचा विरोध नाही. परंतु जे आज रोगी आहेत त्यांच्या वेदनेचे काय, हा प्रश्न विचारणे आम्ही कर्तव्य समजतो.

या रोगात रक्तातील तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडे, पाठ, छाती असह्य दुखू लागते. हे दुखणे मोजणारी कोणतीही तपासणी नाही. रोग्याच्या शब्दावरच विश्वास ठेवावा लागतो. महाराष्ट्रात हा रोग प्रामुख्याने गोंड, माडिया, भिल्ल, पावरा आदी आदिवासींत आणि विदर्भातील पूर्वाश्रमीच्या महार समाजात आढळतो. ज्यांच्या शब्दाला शतकानुशतके किंमत दिली गेली नाही, त्यांचा शब्द हाच येथे पुरावा! अशा तरुण मजुराने औषध नाव घेऊन मागितले, की तो व्यसनी ठरण्याची भीती असते.

अमेरिकेतील रक्तविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये शिफारस केली, की तीव्र वेदनेचा रुग्ण आल्यापासून तासाभरात वेदनाशमन सुरू व्हावे. साध्या औषधांनी न शमणाऱ्या अशा वेदनेवर मॉर्फिन हा प्रस्थापित उपाय आहे.

मॉर्फिन अफूपासून बनते, आणि अफू आपल्याच देशात सरकारी परवान्याने पिकते. नीमच व गाझीपूर येथे तिचे सरकारी कारखाने आहेत. मुंबईचे भांडवलही एके काळी माळव्याच्या अफूवर पोसले गेले. त्या व्यापारात धनाढ्य झालेल्या सर जमशेटजी जीजीभाईंच्या देणगीतूनच १८४५ मध्ये भायखळ्याचे जे. जे. रुग्णालय उभे राहिले. परंतु १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने परवान्यांचे असे जंजाळ उभे केले, की रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले. २०१४ च्या दुरुस्तीने परवान्याची वाट सोपी केली. मनातील धास्ती मात्र गेली नाही. त्यात गोळी स्वस्त, नफा थोडा आणि नोंदवह्या फार. मग बाजार तिच्याकडे कशाला फिरकेल?

व्यसनाचा धोका खोटा नाही. अमेरिकेत औषध कंपन्यांनी नफ्यासाठी अशा गोळ्यांचा प्रसार केला आणि लाखो माणसे प्राणास मुकली. म्हणूनच झटक्यातील उपचार आणि रोजची दीर्घकालीन मात्रा यांत भेद केला पाहिजे. दुसरी क्वचित व देखरेखीखालीच द्यावी. पण नफेखोरीला उत्तर वंचना हे नव्हे.

परळच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारात रक्तविकारांची राष्ट्रीय संशोधन संस्था आहे. नजीकच टाटा रुग्णालयात कर्करोग्यांना मॉर्फिन देण्याचा दीर्घ अनुभव आहे. हे ज्ञान गडचिरोली-नंदुरबारपर्यंत गेले पाहिजे. तेथील प्रत्येक जिल्हा व उपजिल्हा रुग्णालयात मॉर्फिनचा साठा, प्रशिक्षित डॉक्टर आणि प्रौढ रुग्णासाठी उपचारपत्रिका असावी, ही मागणी कार्यकर्त्यांनी गावोगाव लावून धरावी. तपासणीशिबिरात रक्त देणाऱ्या माणसाला उद्या वेदनेच्या रात्री औषधही मिळाले पाहिजे. तो त्याचा हक्क आहे.